‘आले नाहीत’ असं लिहिलेल्या बाळांच्या गावी

मला कुणी पाठवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. उलट जाऊ नकोस असंच सगळ्यांनी सांगितलं होतं.

मी लहान बाळांची फिजिओथेरपिस्ट. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात काम करते. दिवस भरायच्या आत जन्मलेली, जन्मताना गुदमरलेली, अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे काढलेली बाळं घरी जातात. तीन-चार महिन्यांनी त्यांना परत बोलवायचं आणि त्यांचे हातपाय हलायला हवेत तसे हलतायत का ते पाहायचं, हे माझं काम. मेंदूला कुठे इजा झाली असेल तर या वयात ती रडण्या-हसण्यात दिसत नाही, वजनात दिसत नाही. ती दिसते हालचालीत. तेव्हाच कळलं तर खूप काही करता येतं, कारण मेंदू त्या वयात झपाट्याने शिकत असतो. दोन वर्षांनी कळलं तर तेच काम फार जड होऊन बसतं.

जी बाळं परत येत नाहीत त्यांच्या फाइलवर आमच्याकडे लाल शाईने दोन शब्द लिहितात. ‘आले नाहीत.’ मीही लिहीत होते, खूप वर्षं, दुसरा विचार न करता.

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ अडीच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आले. पोरीचे दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. फाइल काढली, तर तेच दोन शब्द. मी जरा रागानेच विचारलं, “तेव्हा का नाही आलात?” ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही तरी कुठं आलात?”

आमच्या विभागप्रमुख सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “आपण हॉस्पिटल आहोत, टपालखातं नाही. गरज वाटली तर लोक येतात.” मी चार दिवसांची रजा टाकली. कपाटातून आंबेगाव तालुक्यातल्या दोन फाइली काढल्या, घरच्यांना आणि गावच्या आशा सेविकांना फोन लावले आणि निघाले. जुन्नरला माझी एक जुनी ओळख होती, शेवटचा मुक्काम तिच्याकडे ठरवला. (इथली माणसांची नावं मी बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.)

घोडेगाव

घोडेगावच्या स्टँडवर डोंगरातल्या वाड्यांकडे जाणाऱ्या गाड्या लागल्या होत्या आणि माणसं तहसील कचेरीची कामं उरकून सावलीला बसली होती. पहिली फाइल कोमलच्या मुलीची, आराध्याची. घर स्टँडपासून चालत जाण्याजोगं. दारात आजोबाच उभे. “या या पावणं! आमी आलो न्हाई म्हनून तुमी आलात व्हय? लई लाज वाटाया लागली राव.”

लाजण्यासारखं काही नव्हतं. कार्डावर लिहिलेली तारीख नेमकी कांदा काढणीत आली होती आणि दोन गाड्या बदलून एवढ्याशा बाळाला न्यायला कोमलची छाती होत नव्हती. त्या कार्डावर ‘दाखवणे’ एवढंच लिहिलेलं. काय दाखवणे, का दाखवणे, ते कुणी लिहिलं नव्हतं. मीच लिहिलं नव्हतं.

माझी तपासणी दिसायला अगदी साधी असते. बाळ पोटभर प्यालेलं, जागं आणि खुशीत हवं. सतरंजीवर उताणं ठेवायचं, कुंची-दुपटी काढायची, खुळखुळा नको, कुणी बोलायचं नाही, आणि तीन-चार मिनिटं फोनवर चित्रण करायचं. अवघड काय असेल तर ते घरातल्यांनी गप्प बसणं. आमच्या वेंगुर्ल्याकडे पाहुण्यासमोर माणसं आधी अंदाज घेत गप्प राहतात. इथे उलट. आजोबांनी दोनदा टाळ्या वाजवल्या, एकदा शिट्टी घातली. शेवटी कोमलने त्यांना अंगणात पाठवलं, तर ते खिडकीतून डोकवायला लागले.

पण आराध्याने जे दाखवलं ते पाहून मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मनगटं, घोटे, मान, सगळीकडे बारीक बारीक गोल हालचाली, एका क्षणाचीही विश्रांती नाही, तरी कुठे धसमुसळेपणा नाही. मूळ तारखेला जन्मली असती तर आज ती साडेतीन महिन्यांची असती. त्या वयात निरोगी मेंदू अंगभर असा खेळत असतो. ही चुळबुळ काही आठवडेच दिसते आणि मग नाहीशी होते. ती दिसली की माझ्यासारखीला रात्री झोप लागते.

“छान आहे,” मी म्हटलं. कोमलने बाळाला उचलून इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. पाच महिने ती कुणाला न सांगता भीत होती, हे मला तेव्हा कळलं.

जेवायला मासवडी होती. मी समुद्राकाठची बाई. ‘मासवडी’ ऐकलं आणि तोंडाला पाणी सुटलं. ताटात आल्या त्या बेसनाच्या वड्या, पोटात तीळ, खोबरं आणि लसूण भरलेलं, आकार तेवढा माशाच्या तुकड्यासारखा, बरोबर लालभडक रस्सा. मी दोन वड्या उलटसुलट करून पाहिल्या. आजोबा हसून हसून ठसकले. “काटं शोधताय का?” रस्सा इतका तिखट की माझे डोळे वाहिले, तरी तिसऱ्यांदा वाढून घेतला. आमच्याकडे असा पदार्थ नाही, हे वेंगुर्ल्याच्या माणसाने लिहून देणं सोपं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

निरगुडसर

दुसऱ्या फाइलमधला फोन नंबर बंद होता. निरगुडसरच्या आशा सेविका शोभाताई, त्यांनी घर शोधून ठेवलं होतं. उसाच्या फडांमधून गेलेली कच्ची वाट आणि तिच्या टोकाला पत्र्याची पडवी असलेलं घर. तिथे मनीषा, तिचा मुलगा विराज आणि सासू इंदूबाई. नवरा चाकणला कंपनीत, सुट्टीच्या दिवशी येणारा. विराज दोन महिने लवकर जन्मलेला, दीड महिना पेटीत काढलेला.

शोभाताई वाटेत म्हणाल्या, “पोरगी गुणाची हाय. म्हातारी तापट हाय. तुमी कमी बोला.”

कमी बोलायची वेळच आली नाही. मी हॉस्पिटलचं नाव घेताच इंदूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “कोन आजारी न्हाई आमच्यात. वजन बघा त्याचं. गावच्या डाक्टरनं बघितलंय. आता दवाखान्याची मान्सं दारात यायला लागली की गावात परत सुरू व्हईल, पेटीतलं पोर, पेटीतलं पोर. माज्या नातवाला नावं ठिवायला आलात का?”

“नाही आजी. फक्त बघायला आले.”

“लांबून बघा मग.”

मी पडवीच्या कडेला बसले. विराज झोळीत होता. गुबगुबीत, काजळ घातलेला, खुदकन हसणारा. इंदूबाईंनी त्याला घेऊन मांडीवर बसवलं आणि जणू मला दाखवायलाच पुढ्यात लाकडी चमचा धरला. त्याने उजव्या हाताने झडप घातली. “बगा! कसा चपळ हाय!” चमचा त्यांनी डावीकडे नेला. त्याने पुन्हा उजवाच हात छातीवरून पलीकडे ओढला आणि चमचा पकडला. डावा हात मांडीजवळ मुठीत होता. अंगठा आत.

एवढ्या लहान वयात बाळ उजवं-डावं नसतं. दोन्ही हात सारखे चालायला हवेत. एकच हात चपळ असेल तर प्रश्न त्या हाताचा नसतो, दुसऱ्याचा असतो.

साडेपाचला शोभाताई उठल्या, तर समोरच्या बांधावरून एक माणूस ओरडत आला, फडात बिबट्या दिसलाय, कुणी वाटेला लागू नका. इकडे यात कुणाला नवल वाटत नाही. पाच मिनिटांत शेळ्या आत, दारं बंद, माणसं घरात. शोभाताई आणि मी इंदूबाईंच्या घरात अडकलो, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्यासाठी दोन भाकऱ्या जास्त थापल्या. नावडत्या पाहुण्याला उपाशी ठेवायची रीत त्यांच्याकडेही नाही आणि आमच्याकडेही नाही.

मी ताटं घ्यायला चुलीपाशी गेले तेव्हा मनीषाने माझं मनगट धरलं. “मॅडम, एक बघता का?” तिने फोन काढला. त्यात ‘स्वयंपाक’ नावाचा कप्पा होता. उघडला, तर आत एकही भाजी नाही. सगळे विराजचे व्हिडिओ. सदतीस.

“आत्यांना आवडत नाही, दृष्ट लागते म्हणतात. म्हणून ह्या नावानं ठेवलेत. लंगोट बदलताना काढायचे, गुपचूप. मला काहीतरी वेगळं वाटायचं. माझ्या बहिणीची पोरगी ह्या वयात कशी वळवळायची, हा नुसता पडून राहायचा. आणि मग एकदम झटका दिल्यागत पाय मारायचा. तुमच्या नंबरवर फोन केला दोनदा, कुणी उचलला नाही. गावच्या डॉक्टरला दाखवले तर म्हणाले, उजव्या हातानं पकडतोय, चांगलंय की. वर्षाचा होईपर्यंत थांबा.”

थांबा. या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे.

मी जमिनीवर बसले आणि मागच्या तारखांपासून व्हिडिओ पाहत गेले. मूळ तारखेला जन्मला असता तर विराज आता सहा महिन्यांचा होत आला असता. जी चुळबुळ पाहायची तिची वेळ टळून गेली होती. मी उशिरा आले होते. पण मनीषा ‘आली नाही’ असं मात्र मला आता म्हणता येणार नव्हतं. बाळ उताणं, जागं, शांत, अंग उघडं, आवाज नाही. जे आम्ही प्रशिक्षण घेऊन शिकतो ते या मुलीने कुणी न सांगता, ओल्या लंगोटाच्या निमित्ताने, नेमक्या त्या आठवड्यांत टिपून ठेवलं होतं. आणि त्यात ती बारीक चुळबुळ कुठेच नव्हती. एकाही व्हिडिओत नाही.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “मनीषा, तुला जे दिसलं ते खरं आहे. डाव्या बाजूवर परिणाम झालेला असावा. मेंदूचा फोटो काढावा लागेल, मग नक्की कळेल. पण उपचार सुरू करायला आपण त्याची वाट बघायची नाही. उद्या मी जुन्नरला जातेय, तिथल्या माझ्या ओळखीच्या बाईची मुलगीही अशीच होती.”

मला वाटलं ती रडेल. तिने पदराने फोनची काच पुसली. “म्हणजे मी येडी नाही,” ती म्हणाली.

मग ती उठली, भाकरीचं टोपलं घेऊन पडवीत गेली आणि सासूच्या समोर ते ठेवत म्हणाली, “आत्या, मी विराजला घेऊन उद्या मॅडमबरोबर जुन्नरला जाणार आहे. त्यांच्या ओळखीची बाई आहे, तिची मुलगी अशीच होती. तिथनं पुण्याला जाईन. तुमी हो म्हणा, नायतर नाय म्हणा. मी जाणार.”

इंदूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. भाकरी गरम होती, पिठल्यात लसूण भरपूर होता आणि मी तेवढ्याकडेच लक्ष दिलं.

सकाळी जाग आली ती तेलाच्या वासाने. इंदूबाई पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर विराज, आणि तेल लावणं चाललं होतं. आमच्याकडे खोबरेल, इथे करडईचं, पण हात तेच. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी हाकललं नाही.

“डावा हात कडक लागतो,” त्या अचानक म्हणाल्या. नजर बाळावरच. “पयल्यापासनं. रोज तेल लावती, मला कळत न्हाई व्हय? उजवा उघडला की उघडा ऱ्हातो, ह्यो उघडला की परत मिटतो. बोलले न्हाई. बोललं की खरं व्हतं.”

मी अंगठ्याच्या मुळाशी कसं दाबायचं ते दाखवलं. मूठ हळूहळू सुटली. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः करून पाहिलं. दुसऱ्यांदा माझ्याहून चांगलं जमलं.

“जुन्नरला मी बी येते,” त्या म्हणाल्या. “पोरीचा काय भरवसा, रस्त्यात रडंल.”

मनीषा नाही रडली. मंचरला गाडी बदलताना विराजने माझ्या फाइलवर शू केली तेव्हा तर ती आणि मी हसलो.

जुन्नर

गल्लीच्या तोंडाशी शिवनेरीची कातळभिंत अंगावर आल्यासारखी दिसत होती. आत, खाली गाद्या-रजया भरायचं दुकान आणि वर राहतं घर, ते शबानाचं. तिची सानिया साडेतीन वर्षांची. चार महिन्यांची असताना माझ्याकडे आली होती, डावी बाजू अशीच कडक. शबाना तेव्हा दर आठवड्याला जुन्नरहून पुण्याला यायची, अंगावर कापसाचे पुंजके घेऊनच.

आम्ही पोचलो तर सानिया जिन्यावर. डाव्या पायाला प्लास्टिकचा आधार, एक एक पायरी दोन्ही पाय ठेवून, कठड्याला धरून उतरत होती. इंदूबाई धावल्या, “अगं पडंल की!”

“हात नका लावू,” शबाना वरून म्हणाली. “तिला राग येतो.”

सानियाला खरंच राग आला. तिने इंदूबाईंकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं, उरलेल्या चार पायऱ्या उतरली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी बुटाची पट्टी सोडवायला लागली. डावा हात हळू होता, बोटं नीट वळत नव्हती, पण तो कामात होता. पट्टी धरून ठेवणं त्याचं काम, ओढणं उजव्याचं. इंदूबाई तिच्यासमोर उकिडव्या बसून ते पूर्ण होईपर्यंत पाहत राहिल्या.

वर चहा झाला, नानकटाई आली. इंदूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मला नाही, शबानाला. “पूर्ण बरी व्हईल का गं?”

“नाही,” शबाना म्हणाली. “पाय तिचा असाच राहील, थोडा. आता धावते, पडते, उठते.”

“मग एवढं सगळं कशापायी केलंस?”

शबानाने कप खाली ठेवला. “मावशी, मला सगळे हेच विचारायचे. वर मुलगी आहे, कशाला एवढी वणवण. माझी स्वतःची आई म्हणायची, अल्लाची मर्जी. मी म्हटलं, हात दिलाय ना त्याने? तो वापरायला शिकवणं माझी मर्जी. बरी करायला नाही घेऊन गेले मी तिला. आहे तो हात फुकट जाऊ नये म्हणून गेले.”

“लोकं काय म्हनायची?”

“अजून म्हणतात. मी ऐकत नाही. दुकानात पिंजणयंत्र चालू असतं, तसंही ऐकू येत नाही.”

इंदूबाई हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्या दोघी गाद्यांच्या ढिगावर बसून होत्या. शबाना दाखवत होती की विराजच्या चांगल्या हातावर मऊ पिशवी कशी बांधायची, ती दिवसातून थोडा थोडा वेळ खेळताना बांधून ठेवली की डाव्याला हालचाल करावीच लागते, आणि बाळ चिडलं तर कोणती खेळणी पुढे करायची. मनीषा लिहून घेत होती. मी खिडकीत बसून नानकटाई खात होते. माझी गरज नव्हती, आणि इतकं बरं मला खूप दिवसांत वाटलं नव्हतं.

परत आल्यावर

पुण्यात मेंदूचा फोटो निघाला. उजव्या बाजूला जुन्या रक्तस्रावाची खूण होती. डॉक्टरांनी ‘सेरेब्रल पाल्सी’ हे शब्द उच्चारले तेव्हा विराजचा बाप खाली बघत राहिला. इंदूबाईंनी विचारलं, “नाव लिहून द्या. आन रोज काय करायचं ते बी लिहून द्या, मोठ्या अक्षरात.”

उजव्या हाताची पिशवी त्यांनी जुन्या नऊवारीच्या काठातून स्वतः शिवली. विराज ती दातांनी ओढतो, ओरडतो, घर डोक्यावर घेतो. मनीषा एकदा फोनवर म्हणाली, “त्याच्याकडं बघवत नाही, काढावीशी वाटते. मग आत्या मला बाहेर पाठवतात.” आता तो बसतो. डावी मूठ बराच वेळ उघडी राहते, आणि परवा त्याने त्या हातात भाकरीचा तुकडा धरला, तोंडापर्यंत नेला, कानात घातला. डावी टाच अजून टेकत नाही. त्यालाही आधार लागेल. मी यातलं काही लपवलेलं नाही आणि त्यांनीही मला काही लपवायला सांगितलेलं नाही.

सरांकडे मी महिन्यातून एक दिवस मंचरला बसायची परवानगी मागितली. अर्ज ‘विचाराधीन’ आहे. तो विचार होईपर्यंत मी माझ्या सुट्टीच्या रविवारी जाते. बोलवायची कार्डंही बदलली. आता त्यांवर बाळाला का आणायचं, काय बघायचं आणि येता येत नसेल तर घरीच व्हिडिओ कसा काढायचा, ते मराठीत लिहिलेलं असतं. लिहिलंय मनीषाने. माझ्यापेक्षा तिला ते जास्त कळतं.

मागच्या आठवड्यात शोभाताईंचा फोन आला. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस होता. इंदूबाई विराजला घेऊन आल्या, त्याला सुई टोचून झाली तरी घरी जाईनात. दाराशी बैठक मारून त्यांनी रांगेतलं एकेक बाळ मांडीवर घ्यायला सुरुवात केली. दोन्ही मुठी उघडून बघायच्या, डावीकडे चमचा, उजवीकडे चमचा. एका बाळाच्या आजीला ते रुचलं नाही. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “आमच्या पोरात काय खोट काढतीस? आधी सोताच्या घरात बघ की.”

इंदूबाईंनी त्या बाळाची डावी मूठ सोडवली, अंगठा बाहेर आहे याची खात्री केली आणि मान वर करून म्हणाल्या, “व्हय, माज्याच घरात हाय. म्हनून तर बघती. आना, दुसरं बाळ आना.”